नारळ आणि श्रीफळ

माणसाला पदावरून घालवण्यासाठी मराठीत शब्दांची कमी नाही. हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती हे झाले वर्तमानपत्री शब्द. घरगुती बोलण्यात आपण त्याला डच्चू देतो, अर्धचंद्र देतो, नाहीतर सरळ हातात नारळ देतो. इथल्या लोकांचं काम मात्र एका शब्दात भागतं: 'सॅक'. म्हणजे पोतं! कारागिराच्या हातात त्याच्या हत्यारांची पिशवी ठेवायची आणि दार दाखवायचं, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. या देशात आल्यापासून हा शब्द आम्ही सर्वांत जास्त कुठे ऐकला असेल, तर तो कचेरीत नव्हे, फुटबॉलच्या गप्पांत.

आम्ही मूळचे क्रिकेटवाले. संघ हरला की कॅप्टनला शिव्या घालायच्या, फार तर निवड समितीला, एवढंच आम्हाला ठाऊक. फुटबॉल म्हणजे मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कपाचे सामने व्हायचे, तेवढीच ओळख. पण लेस्टरला घर केलं, पोरं इथल्या शाळेत गेली आणि बघता बघता आमच्या घरात निळे मफलर आले. तेव्हा कळलं की इथे सगळं खापर मॅनेजरच्या डोक्यावर फुटतं. हा गृहस्थ रेषेबाहेर कोट घालून उभा असतो, चेंडूला पाय लावत नाही, पण हरला तो तोच. प्रीमियर लीगमध्ये वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने आणि शेवटचे तीन खालच्या वर्गात. ऑक्टोबर उजाडला आणि आपला संघ तळाशी दिसू लागला की बसस्टॉपपासून देवळाच्या पायरीपर्यंत एकच प्रश्न: मॅनेजरला ठेवायचं की काढायचं?

या प्रश्नाचा अभ्यास करायला लेस्टरसारखी प्रयोगशाळा नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या क्लबनं सगळे प्रयोग करून पाहिले आहेत.

पहिला प्रयोग न काढण्याचा. २०१४-१५ च्या हंगामात नायजेल पिअरसन मॅनेजर होते. नाताळला संघ तळाला. २९ सामन्यांत १९ गुण. कुणीही म्हणालं असतं, आता द्या निरोप. क्लबनं त्यांना ठेवलं. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून संघ चौदावा आला. आम्ही पेढे वाटले. त्यानंतर जूनमध्ये, संघ तरल्यावर, मैदानाबाहेरच्या कारणांवरून पिअरसन यांना नारळ मिळालाच, तो भाग वेगळा.

त्यांच्या जागी जुलै २०१५ मध्ये आले क्लॉडिओ रानिएरी. हे नाव आमच्या घरात पहिल्याच आठवड्यात 'राणे' झालं. सौ. विचारायची, "आज राण्यांची मॅच आहे का?" साठी उलटून गेलेला रोमचा हा सद्गृहस्थ काही महिन्यांपूर्वीच ग्रीसच्या राष्ट्रीय संघाकडून घालवला गेला होता, कारण फेरो बेटांसारख्या चिमुकल्या देशाकडून घरच्या मैदानावर हार झाली. म्हणजे आमच्याकडे आला तोच डच्चू खाऊन! पण या माणसानं खेळाडूंना कबूल केलं की एका सामन्यात गोल खाल्ला नाहीत तर पिझ्झा खायला नेईन. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ते जमलं. राण्यांनी शब्द पाळला, पण पिझ्झा खेळाडूंनाच लाटायला लावला! पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. पाच हजारास एक असा भाव लागलेला संघ २ मे २०१६ च्या रात्री विजेता ठरला. १८८४ साली स्थापन झालेल्या क्लबचं पहिलंच विजेतेपद. त्या रात्री आमच्या गल्लीत उशिरापर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि कुणीही कुणाला गप्प बस म्हणालं नाही.

नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ ला, त्याच राण्यांना काढलं.

तोवर आमच्या घरात फूट पडली होती. आकडे असे: २५ सामन्यांत २१ गुण, क्रमांक सतरावा, बुडणाऱ्या तिघांपेक्षा फक्त एक गुण वर. लीगमधले लागोपाठ पाच सामने हरलेले आणि नवं वर्ष लागल्यापासून लीगमध्ये एकही गोल नाही. आदल्या वर्षीचा विजेता दुसऱ्या वर्षी बुडणं हे इंग्लंडच्या पहिल्या वर्गात एकदाच घडलं होतं, १९३८ साली मँचेस्टर सिटीच्या बाबतीत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्लबनं मॅनेजरला पूर्ण पाठिंबा असल्याचं पत्रक काढलं. आपल्याकडे पक्षश्रेष्ठींचा 'पूर्ण पाठिंबा' जाहीर झाला की मुख्यमंत्री सामान बांधायला घेतात. त्यामुळे आम्ही काय ते समजलो.

आमचं मत स्पष्ट होतं. ज्यानं घर बांधून दिलं त्यालाच घराबाहेर काढायचं? उन्हाळ्यात एन्गोलो कान्टेला चेल्सीला विकलं कुणी? मालकांनी. तो गेला आणि संघाच्या मधल्या फळीचा कणाच गेला. मग शिक्षा राण्यांना का? आपल्या मंडळींपैकी किती जणांनी रिडंडन्सीचं पत्र हातात घेतलं आहे ते आठवा. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या माणसाला, माल खपत नाही म्हणून शुक्रवारी दुपारी बोलावून घेतात, आणि तो माल खपेल की नाही हे ठरवणारे साहेब मात्र जागेवरच. तेव्हा राण्यांच्या बाजूनं बोलताना आम्ही फक्त फुटबॉलबद्दल बोलत नव्हतो.

चिरंजीव मात्र ऐकेनात. ते म्हणाले, "बाबा, मागच्या वर्षीचे पॉइंट या वर्षी मोजत नाहीत." शिवाय संघ खाली गेला तर टीव्हीचा पैसा आटतो. मोठे खेळाडू दुसरीकडे जातात, त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तिकीटखिडकीवरच्या बाईचं, कँटीनमधल्या पोराचं, दुकानात शर्ट विकणाऱ्याचं. एका माणसाचे उपकार मानताना या शंभर जणांच्या पोटाचं काय? हा मुद्दा आम्हाला टोचला, कारण तोही रिडंडन्सीचाच होता, फक्त दुसऱ्या बाजूनं पाहिलेला.

सौ. पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "काढायचं तर काढा. पण माणूस मॅच खेळवून स्पेनहून परत येतो काय आणि दुसऱ्याच दिवशी त्याला जा म्हणतात काय! घरच्या मैदानावर एकदा उभं करायचं, टाळ्या वाजवायच्या, मग निरोप द्यायचा." सेव्हियाला चॅम्पियन्स लीगचा सामना संघ २-१ असा हरला होता, पण परतीचा सामना बाकी होता. आशा संपली नव्हती.

पुढचे आकडे चिरंजिवांच्या बाजूचे आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. राण्यांचे मदतनीस क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी जादू काही केली नाही. कान्टे सोडून विजेतेपदाचाच संघ मैदानावर उतरवला आणि आदल्या वर्षीचाच खेळ खेळा म्हणून सांगितलं. लिव्हरपूलला ३-१ हरवलं, लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले, परतीच्या सामन्यात सेव्हियालाही घरी पाठवलं. उरलेल्या १३ सामन्यांत २३ गुण मिळवून संघ बारावा आला. काढणं लागू पडलं.

पण हा धडा एवढ्यावरच संपला असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. त्याच शेक्सपिअर यांना कायम केलं आणि चार महिन्यांत, ऑक्टोबर २०१७ मध्ये, त्यांनाही काढलं. पुढे ब्रेंडन रॉजर्स आले. त्यांनी दोनदा पाचवा क्रमांक आणि २०२१ साली क्लबचा पहिला एफ.ए. कप आणला. २०२२ च्या उन्हाळ्यात गोलरक्षक श्मायकेल गेला, बचावपटू फोफाना विकला गेला आणि बदल्यात खरेदी फारच थोडी झाली. संघ घसरला. एप्रिल २०२३ मध्ये, दहा सामने उरले असताना, रॉजर्स यांना नारळ दिला. पुढचा माणूस ठरलेलाच नव्हता. डीन स्मिथ आले तोवर आठ सामने उरले होते. संघ अठरावा आला, बुडाला.

वर्षभरात वर आलो. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीव्ह कूपर यांना काढलं, तेव्हा फक्त १२ सामने झाले होते, गुण १० आणि क्रमांक सोळावा. म्हणजे या खेपेला उशीर झाला असंही म्हणायची सोय नाही. रूड फान निस्टलरॉय हे मोठं नाव आणलं. उरलेल्या २६ सामन्यांत मिळाले १५ गुण! घरच्या मैदानावर लागोपाठ नऊ लीग सामने एकही गोल न करता हरलो. पुन्हा खाली.

मग खरं काय? बास तेर वील नावाच्या एका डच अर्थशास्त्रज्ञानं हॉलंडच्या पहिल्या वर्गातले १९८६ ते २००४ पर्यंतचे हंगाम तपासले. मॅनेजर बदलल्यावर संघ सुधारतो हे खरं. पण तितक्याच वाईट अवस्थेतून जाणारे आणि मॅनेजर न बदलणारे संघही जवळजवळ तितकेच सुधारतात! ताप उतरायचाच असतो. शेवटी ज्या वैद्याला बोलावलं त्याला श्रेय मिळतं.

यावर कुणीतरी हमखास ॲलेक्स फर्ग्युसनचं नाव काढतो. १९८६ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला आले, पहिलं लीग विजेतेपद १९९३ मध्ये. धीर धरला म्हणून फळ मिळालं. हे खरंच, पण धीर धरून बुडालेल्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. २०२३-२४ मध्ये जे तीन संघ खाली गेले त्यांतल्या बर्नली आणि लूटन या दोघांनी शेवटपर्यंत मॅनेजर बदलला नव्हता, शेफील्ड युनायटेडनं बदलला होता. तिघंही बुडाले. गंमत म्हणजे बर्नलीच्या व्हिन्सेंट कोंपनी यांना त्याच उन्हाळ्यात बायर्न म्युनिकनं बोलावून नेलं. संघ बुडाला म्हणून माणूस नालायक ठरत नाही.

इतकी वर्षं हे पाहून आमच्या घरात एक प्रकारचा समझोता झाला आहे. तो असा. 'किती हरला?' हा प्रश्न अर्धवट आहे, आणि 'आपल्यासाठी त्यानं काय काय केलं?' हाही. विचारायचे प्रश्न तीन. खेळाडू त्याचं ऐकतात का? पिअरसन यांचं ऐकत होते, तळाला असतानाही जीव तोडून पळत होते. बदलाचा उपयोग व्हावा इतका वेळ उरला आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच्या जागी येणारा माणूस तयार आहे का, घर ओळखणारा आहे का? २०१७ साली तिन्ही उत्तरं काढण्याच्या बाजूची होती. २०२३ साली वेळही नव्हता आणि माणूसही नव्हता. आणि या तिन्हींच्या वर एक चौथा प्रश्न, जो मालक स्वतःला कधीच विचारत नाहीत: विकलं कुणी, विकत घेतलं कुणी? संघ वरून पोखरला असेल तर खालचा मॅनेजर बदलून काय होणार? छप्पर गळत असताना बादल्या बदलण्यातला तो प्रकार.

सौ.चा मुद्दा मात्र या हिशेबाबाहेरचा आहे आणि आम्हाला तोच सर्वांत मोठा वाटतो. आपल्याकडे नारळ दोन प्रसंगी देतात. एक कामावरून काढताना आणि दुसरा शालीबरोबर, तेव्हा त्याला आपण श्रीफळ म्हणतो. फळ तेच. फरक देणाऱ्याच्या मनात असतो. काढण्याचा निर्णय बरोबर असला म्हणून कृतज्ञता माफ होत नाही, आणि कृतज्ञता आहे म्हणून निर्णय पुढे ढकलता येत नाही. दोन्ही एकाच दिवशी करता येतं, करायला हवं.

हे लेस्टरच्या लोकांना मालकांआधी समजलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये रानिएरी वॉटफर्डचे मॅनेजर म्हणून आमच्या मैदानावर आले. आम्ही ४-२ जिंकलो, पण त्याआधी अख्ख्या स्टेडियमनं उभं राहून त्यांना टाळ्या दिल्या. पावणेपाच वर्षं उशिरा का होईना, श्रीफळ मिळालं. आणि राण्यांचंही पाहा. दोन महिन्यांत वॉटफर्डनं त्यांना काढलं. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये रोमानं एकाच हंगामात दोन मॅनेजर घालवून तिसरे म्हणून त्र्याहत्तर वर्षांच्या राण्यांना बोलावलं, आणि बाराव्या क्रमांकावरचा संघ त्यांनी पाचवा आणला. म्हणजे ज्या खुर्चीतून ते आयुष्यभर उठवले गेले तिच्यात ते अनेकदा बसले होते दुसऱ्या कुणाला उठवल्यावरच.

आपल्या मंडळांत टीव्हीचा पैसा नसतो आणि खाली जायला दुसरा वर्ग नसतो. तरी अध्यक्ष बदलायची वेळ येते. दहा वर्षं हॉल मिळवणारा, खुर्च्या मांडणारा, गणपतीच्या प्रसादाचा शिरा ढवळणारा माणूस आता थकलेला असतो, तरुण मंडळी कुजबुजत असतात आणि कुणी तोंडावर बोलत नाही. मग एका वार्षिक सभेत हात वर होतात आणि तो माणूस पुढच्या दिवाळीला येत नाही. तेव्हा बदल जरूर करावा, वेळेवर करावा, पण आधी त्याच्या घरी जाऊन सांगावं आणि सभेत शाल त्याच्याच खांद्यावर आधी घालावी. नारळ एक पौंडाला मिळतो.