भिवरा उर्फ लक्ष्मी

गेल्या मार्गशीर्षात माहेरचे घर रिकामे करण्याचा प्रसंग आला, तेव्हा माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी मोडीत घालावयाची असे सर्वानुमते ठरले आणि मोडवाल्याने आपला काटा अंगणातल्या पेरूच्या फांदीला अडकवून एकेक भांडे तोलावयास प्रारंभ केला. तो वजन सांगे आणि मी वहीत मांडी. हंडे गेले, पिंप गेले, काठाशी चेमटलेली तांब्याची एक घागरही तोलून झाली, पण ती बाजूला ठेवता ठेवता त्याने तिच्या गळ्यावरचा हिरवा कळंक अंगठ्याने पुसला आणि टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरे, हिशेबाचाच भाग असल्यासारखी, मोठ्याने वाचली : "चि. भिवरा हीस मामांकडून, शके १८५३." मग माझ्याकडे पाहून त्याने विचारले, "ही कोण?"

घरात कोणालाच ठाऊक नव्हते. भाच्याने तर दुसऱ्या कोणाची घागर लग्नाकार्यात चुकून आपल्याकडे राहिली असावी, असा निर्णयही देऊन टाकला. मला मात्र ही भिवरा ठाऊक होती, कारण तिला मी एकदा, अवघे पळभर, प्रत्यक्ष पाहिले होते.

मी तेव्हा आठनऊ वर्षांची असेन. आजीबरोबर कार्तिकीला पंढरपुरास गेले होते. स्नान आटोपून ती वाळवंटात लुगडे पिळीत उभी होती आणि पिळ्याचे दुसरे टोक माझ्या हाती होते. तेवढ्यात पाठीमागून कोणी बाईने हाक दिली, "भिवरेऽ!" आणि घरात धाकट्यांपासून थोरांपर्यंत सगळे जिला काकू म्हणत, त्या पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघेदुखीने अंग आखडलेल्या माझ्या आजीची मान अशी काही चटकन वळली, की माझ्या हातातले लुगडे सुटून वाळूत पडले. हाक तिला नव्हतीच. परकर सावरीत एक पोर आमच्या अंगावरून धावत गेली. आजीने वाळू झटकून लुगडे पुन्हा खळबळले. "तुला बोलावलं का गं?" मी विचारले. "मला कोण बोलावतंय!" ती म्हणाली. रात्री धर्मशाळेत पडल्या पडल्या, मी विचारलेले नसताना, एवढेच म्हणाली, "लग्नाआधी मी भिवरा होते."

तिचे माहेर भीमाकाठचे. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावणारी भीमा पंढरीस चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून तिथे ती चंद्रभागा, आणि वारकऱ्यांच्या तोंडी भिवरा. आजीचे सासर, म्हणजे आमचे घर, साताऱ्याचे, कृष्णेच्या मुलखातले. पुढे कर्नाटकात भीमा कृष्णेला मिळते आणि तेथून पुढे तिचे नाव उरत नाही, हा योगायोग मी सहसा कोणाला सांगत नाही. तो फार लेखकी वाटतो.

आजोबांचे नाव नारायण, तेव्हा सुनेचे नाव लक्ष्मी, असे पणजोबांनी ठरविले. तांदळांनी भरलेले ताट पुढ्यात आले आणि आजोबांनी अंगठीने त्यात अक्षरे काढली. आजी मराठी तिसरी शिकलेली असल्याने तिने ती समोरून, उलटी, वाचली. आणि तिच्या मनात आले की ही कोण? प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता, कारण घरातील पुरुषांची नावे एकजात विष्णूची असल्यामुळे लक्ष्मी नावाच्या दोन सुना आधीच नांदत होत्या. तिघींत घोटाळा नको म्हणून आजीची 'मधली' झाली आणि मुलेबाळे होऊन काकू होईपर्यंत मधलीच राहिली. पणजोबांना मी पाहिलेले नाही, तरी या एका बाबतीत माझे त्यांच्याशी आजन्म वाकडे आहे.

त्यांची कैफियत अशी, की नदीचे नाव असलेली मुलगी शास्त्राला संमत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तसे आहे खरे : नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प यांच्या नावाची वधू करू नये. महाराष्ट्राने हे मनावर घेतले असते तर रोहिणी आणि रेवती, तुळसा, कृष्णा आणि मैना साऱ्याजणी माहेरीच राहत्या. खुद्द पणजोबांच्या पत्नीचे नाव गोदावरी होते; तिथे शास्त्र का आडवे आले नाही, हे त्यांना विचारण्याची छाती कोणाची झाली नसावी. बडोद्यास तर गंगा उलटी वाहिली. तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांची राणी होऊन आली आणि सासरी तिची चिमणाबाई झाली. ती निवर्तल्यावर घाटग्यांची गजराबाई आली, तिचीही चिमणाबाईच. लक्ष्मी मोडून चिमणी करणारे ते घर मला आमच्या घरापेक्षा रसिक वाटते. परंतु गजरा हे नाव गेले याची हळहळ वाटतेच.

अशी गेलेली नावे मी मनात जमवीत आले आहे. राही, म्हणजे राधिकाच. प्राकृताच्या वाटेने येता येता झिजून गुळगुळीत झालेली. दर्या, फारसीतून आलेली, निंबाळकरांच्या घरात नांदलेली. सोयरा, जिच्यात साऱ्या गणगोताची ऊब आहे. चोखोबांच्या घरीही तीच आणि रायगडावरही तीच. आणि सकवार, म्हणजे सुकुमार. हे माझे सर्वांत लाडके नाव; नातीसाठी मी सुचवलेही होते आणि ते सर्वांनी हसून बाजूस सारले. पण ते उच्चारले की आमचाच सातारा मध्ये येतो : १७४९च्या डिसेंबरात तेथे शाहू महाराज निवर्तले आणि त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. असे नाव पाळण्यावर कसे म्हणावे, हे मलाही मग सुचले नाही.

आणि त्याच साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी २८५ मुलींची नावे एका समारंभात बदलण्यात आली. त्यांची नावे नकोशी, नकुसा अशी होती. धोंडू, केरू ही नावे पोर जगावे म्हणून, दृष्ट चुकविण्यासाठी ठेवतात; नकुसा हे नाव आता मुलगी पुरे म्हणून देवाकडे केलेला तक्रारअर्ज होय. त्यांतल्या काहींनी सिनेमातल्या नट्यांची नावे घेतली म्हणून लोक हसले. मी हसले नाही, पण गोंधळून गेले खरी. नाव बदलणे म्हणजे पुसणे, अशी जी गाठ मी पंढरपूरपासून बांधून ठेवली होती, ती तेव्हा सैल पडली. फक्त त्या मुलींनी नाव स्वतः निवडले होते, आणि माझ्या आजीने ते ताटात उलटे वाचले होते.

घागरीखेरीज भिवरा हे नाव मी आणखी एकाच ठिकाणी लिहिलेले पाहिले आहे. १९५६च्या वारसा कायद्याने लेकींना वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला, आणि लगोलग भाऊ बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेऊ लागले. आजीच्या पत्राची नक्कल वडिलांच्या दप्तरात होती. "भिवरा उर्फ लक्ष्मी कोम नारायण" असा तीत उल्लेख आहे. कोम म्हणजे अमक्याची बायको. खाली तिची सही आहे : लक्ष्मी. भिवराचा हक्क लक्ष्मीने सोडला.

शेवटच्या दुखण्यात ती दवाखान्यात होती. परिचारिका "लक्ष्मीबाई, लक्ष्मीबाई" करीत, काका "काकू, काकू" करीत, आणि ती डोळे मिटून पडलेली. भोवती सगळे उभे होते. ते दुसरे नाव माझ्या ओठांशी आले होते. पण एवढ्या वडीलधाऱ्यांपुढे आजीला नावाने, तेही एकेरी, हाक कशी मारावी, या संकोचात मी पदर चाळवीत राहिले. मान वळली असती की नाही, कोण जाणे.

मोडवाला अजून घागर धरून उभा होता. "माझी आजी," मी म्हणाले. त्याने घागर उलटीसुलटी करून पाहिली, बुडाच्या डागाकडे बोट दाखवीत "गळते हं ही," असे बजावले आणि ती माझ्या पायाशी ठेवली.

"मग वहीतले पावणेचार किलो खोडा," तो म्हणाला, आणि पुढचा तांब्या काट्यात घातला.