दोष कोणाच्या दारीं?

चिंचवड-आकुर्डीच्या बाजूस राहणाऱ्यांस जुन्या वस्तूचा पुनर्जन्म निराळा सांगावयास नको. १९७२ सालीं निघालेली बजाजची चेतक एके काळीं घरोघर दिसे. २००९ मध्यें कंपनीनें स्कूटरचा धंदाच सोडीत असल्याचें जाहीर केलें. आणि २०२० च्या जानेवारींत त्याच नांवाची, विजेवर चालणारी चेतक बाजारांत आली. ती प्रथम चाकणास होई, २०२२ पासून आकुर्डीस होऊं लागली. नांव राहिलें, परंतु गाडी सुरू होईना म्हणजे ती कुशीवर कलती करून किक मारण्याची घरगुती विद्या गेली.

याच्या उलट प्रकार आम्हांस संगणकांत आढळला. ॲपलच्या मॅक संगणकांत ‘नेटवर्क युटिलिटी’ नांवाचें लहानसें साधन असे. इंटरनेट अडलें तर कोठें अडलें, हें त्यावरून कळे. २०२० च्या ‘बिग सर’ आवृत्तीपासून तें निकालांत निघालें. उघडूं जावें तों टर्मिनलकडे जाण्याचा सल्ला मिळे. म्हणजे विद्या नष्ट झाली नव्हती. ज्यांस आज्ञा तोंडपाठ, त्यांच्यापुरती मात्र ती उरली. पुढें डेव्हनटेक्नॉलॉजीज या मंडळींनीं तेंच साधन नव्यानें रचून ‘निओ नेटवर्क युटिलिटी’ या नांवानें विनामूल्य दिलें. नांव थोडें बदललें, पण गेलेली सोय परत आली. आम्हांस हाच पुनर्जन्म अधिक मोलाचा वाटतो.

इतक्याशा गोष्टीचें एवढें कौतुक कां, असें ज्यांस वाटेल त्यांनीं एकत्र कुटुंबांत राहून पाहावें. आमच्या घरीं थोरल्या सूनबाई कचेरीचें काम घरूनच करितात, धाकटे चिरंजीव चाकणच्या कारखान्याशीं रात्रीं-अपरात्रीं बोलत असतात, आणि नातवाचा खेळ तर विचारूंच नये. जोडणी तुटली कीं पहिला आरोप त्या खेळावर, दुसरा सूनबाईंच्या बैठकीवर! पुरावा कोणाजवळच नसे.

या साधनांतील ‘पिंग’ ही युक्ति माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ च्या डिसेंबरांत लिहिली. पाण्याखालील वस्तूंचा ठाव घेण्यासाठीं नाद सोडून प्रतिध्वनि ऐकतात, त्यावरून तिचें नांव पडलें. हांक मारावयाची आणि ‘ओ’ किती वेळानें येते तें मोजावयाचें. ‘ट्रेसरूट’ त्याहून चतुर. प्रत्येक संदेशावर एक आंकडा असतो. वाटेंतील प्रत्येक ठाण्यानें तो एकानें उतरवावयाचा आणि शून्य होतांच संदेश टाकून देऊन तसें उलट कळवावयाचें. मग मुद्दाम १, २, ३ असे आंकडे घालून संदेश सोडले, कीं ठाणीं आपण होऊन ओळीनें आपले पत्ते सांगूं लागतात. एखादें ठाणें जाणूनबुजून मौन धरतें. तेवढ्यावरून त्यास दोषी ठरवूं नये. अशीं माणसें घरांतही असतात.

गेल्या पावसाळ्यांत जोडणी गेली, तेव्हां तपासावयास आलेला मनुष्य दोष घरांतच असल्याचें सांगूं लागला. सूनबाईंनीं पडदा त्याच्यापुढें केला. पहिलें ठाणें, म्हणजे आमच्या दिवाणखान्यांतील राउटर, तत्काळ ‘ओ’ देत होता; त्यापुढें सारा शुकशुकाट. तो मुकाट्यानें बाहेर जाऊन खांबावर चढला. नातवानें तेवढ्यांत आपण निर्दोष असल्याचें साऱ्या घरास ऐकविलें. सूनबाईंनीं त्याच्यापुढें गणिताची वही ठेविली.