काठिण्याचा अंदाज

भारतात परिचारिकेला परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये तिची नोंदणी होते. जयपूरच्या मालवीय नगरातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात काही वर्षे काढलेली परिचारिका अमेरिकेला जायचे ठरवते, तेव्हाच तिची गाठ ‘एनक्लेक्स’ या परवाना परीक्षेशी पडते. या परीक्षेत प्रश्नाचे काठिण्य ठरवणे हे एक स्वतंत्र कसब मानले जाते.

एरवी प्रश्नाचे काठिण्य तो किती टक्के परीक्षार्थींनी बरोबर सोडवला यावरून मोजतात. पण तुकडी हुशार असली की तोच प्रश्न सोपा ठरतो. डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात परीक्षार्थीची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य एकाच मापपट्टीवर बसवले जाते, आणि दोन्ही समान असतील तेव्हा बरोबर उत्तराची शक्यता निम्मी धरली जाते. एनक्लेक्सचा संगणक याच आधारे प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न निवडतो. म्हणून कोणाची परीक्षा ८५ प्रश्नांत संपते, तर कोणाची १५० पर्यंत लांबते, आणि चांगली तयारी असलेल्या परीक्षार्थीलाही पेपर अवघड गेल्यासारखे वाटते. नवे प्रश्न आधी गुण न धरता प्रत्यक्ष परीक्षेत मिसळून त्यांचे काठिण्य आजमावले जाते.

मात्र उत्तीर्णतेची रेषा कुठे ओढायची, हे गणित सांगत नाही. तिथे तज्ज्ञांचा निवाडा लागतो. विल्यम अँगॉफ यांच्या नावाने १९७१ पासून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक परीक्षक अशा शंभर परिचारिका डोळ्यांसमोर आणतो, ज्या जेमतेम पण सुरक्षितपणे काम करू शकतील, आणि त्यांपैकी कितीजणी हा प्रश्न बरोबर सोडवतील याचा अंदाज बांधतो; अशा अंदाजांवरून ती रेषा ठरते. किती जणींना यायला हवे आणि किती जणींना प्रत्यक्षात येईल, या दोन प्रश्नांची गल्लत झाली की अंदाज फसतो, कारण पहिल्याचे उत्तर परीक्षकाच्या अपेक्षेतून येते, तर दुसऱ्याचे वॉर्डातल्या अनुभवातून.

उदाहरणार्थ, डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड घेणाऱ्या रुग्णाला मळमळते आहे आणि त्याच्या रक्तातील पोटॅशियम २.८ आले आहे. परिचारिकेने आधी काय करावे? डिगॉक्सिनची पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवावे, हे उत्तर हृदयरोग विभागातील सिस्टरला विचार न करता सुचते. नवख्या मुलीला मात्र फ्युरोसेमाइडने पोटॅशियम घटते, ते घटले की डिगॉक्सिनची विषबाधा बळावते आणि मळमळ हे तिचे लक्षण असू शकते, हे तीन दुवे एका दमात जोडावे लागतात. त्यात ‘उलटीचे औषध द्यावे’ हा पर्याय समोर असेल, तर तिचा हात तिकडेच वळण्याचा संभव अधिक. अनुभवामुळे तज्ज्ञाला हे दुवे दिसेनासे होतात, आणि नेमका म्हणूनच तो अशा प्रश्नाचे काठिण्य कमी लेखतो.

याउलट काही काठिण्य परिचर्येचे नसतेच. कोणते काम सहायकाकडे सोपवावे आणि कोणते स्वतः करावे, अशा प्रश्नांमागे अमेरिकी वॉर्डातील कामाची वाटणी असते. आपल्याकडच्या अनेक वॉर्डांत रुग्णाला भरवणे, अंग पुसणे ही कामे नातेवाईकच करतात, म्हणून रुग्णसेवेत तरबेज असलेली परिचारिकाही तिथे अडखळते. असा प्रश्न अवघड ठरला, तर तिच्या हाती रुग्ण सुरक्षित नाही असा अर्थ त्यातून काढता येत नाही. तिला तिथली व्यवस्था शिकायची आहे, एवढेच त्यातून कळते.

तेव्हा काठिण्य ठरवणाऱ्या मंडळात केवळ ज्येष्ठ प्राध्यापक असून भागत नाही. नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांबरोबर रात्रपाळ्या केलेल्या, त्या कुठे बिचकतात आणि कुठे घाई करतात हे ताजे ताजे पाहिलेल्या वॉर्ड सिस्टरही त्यात हव्यात. कारण रेषा खाली सरकली तर किंमत रुग्ण मोजतो, आणि उगाच वर गेली तर कामाला लायक परिचारिका दाराबाहेर राहते आणि तिची वाट पाहणारा रुग्ण सेवेविना राहतो.