पन्हाळ्यावरील रात्र

कोल्हापुराच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवरील पन्हाळगडावर जाणारा प्रवासी तीन दरवाजा, अंबरखाना व सज्जा कोठी पाहून सायंकाळीं परततो. परंतु गडाचें एक वैभव सूर्यास्तानंतरच उघडतें. पावसाळा सरल्यावर, अमावास्येच्या सुमारास तेथें मुक्काम केल्यास आकाश इतकें निश्चल भासतें, कीं सारी सृष्टि निद्राधीन झाली असावी.

वाचकहो, ही शांतता केवळ दिसण्यापुरतीच आहे. शेंकडों किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशानें घडविलेला विद्युद्भारित कणांचा थर आहे. त्यास आयनांबर म्हणतात. सूर्य मावळतांच त्याचा खालचा भाग झपाट्यानें विरळ होतो, वरचा मात्र दाटच राहतो. तेलावर पाणी ओतल्यास तेल उसळून वर येतें. त्याचप्रमाणें चुंबकीय विषुववृत्तावर खालच्या विरळ भागाचे प्रचंड बुडबुडे वर चढतात. मेघगर्जनेच्या प्रदेशांतून उठलेल्या वायुलहरी त्यांस पहिला धक्का देत असाव्यात, असें शास्त्रज्ञ मानतात.

हे बुडबुडे चुंबकीय रेषांच्या अनुरोधानें दक्षिणोत्तर पसरतात व सामान्यतः पूर्वेकडे सरकतात. त्या उंचीवर प्राणवायूचा तांबूस प्रकाश असतो. तो आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु पन्हाळ्यावरून संवेदनशील कॅमेऱ्यानें घेतलेल्या चित्रांत त्या प्रकाशांत काळे पट्टे उमटतात. तेच हे बुडबुडे! जो पट्टा इतक्या उत्तरेस पोहोंचला, तो विषुववृत्तावर त्याहून पुष्कळ उंच चढलेला असतो. म्हणजे दक्षिणेकडील उलथापालथीची उंची सह्याद्रीच्या या गडावरून मोजतां येते.

हें केवळ कौतुक नव्हे. पेरू देशांतील वांकायो येथें रात्रीं रेडिओलहरींचे प्रतिध्वनि विसकटतात, हें बुकर व वेल्स यांनीं १९३८ सालीं प्रसिद्ध केलें. आज जहाजें व विमानें उपग्रहांच्या संकेतांवर मार्ग काढतात. बुडबुड्यांच्या खळबळींतून येतांना ते संकेत ताऱ्यांप्रमाणें लुकलुकतात, प्रसंगीं तुटतातही. विमानांस साह्य करणाऱ्या भारताच्या 'गगन' योजनेसही या उपद्रवाचा विचार करावाच लागतो.

म्हणून मुलाबाळांसह पन्हाळ्यास जाल, तेव्हां एक रात्र अवश्य राहा. बुरुजांचा इतिहास त्यांस सांगाच. पण डोक्यावरील हा अदृश्य सागरही समजावून द्या. डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टीही मनुष्य चिकाटीनें पाहूं शकतो, हा धडा पुस्तकापेक्षां तेथें अधिक ठसेल.