अडाणकाठचा बेत

आमच्या घरी सुट्टीचे बेत पुष्कळ होतात आणि बहुतेक मोडतात. कधी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आडवे येतात, कधी कोणाचे लग्न निघते, तर कधी नुसता पैसाच कमी पडतो. यंदा नाताळच्या सुट्टीसाठी जो बेत घरात शिजू लागला तो मात्र इतका वेगळा होता, आणि त्यातून अशा काही गोष्टी निघाल्या, की त्याची हकीकत या वार्षिकाच्या वाचकांस सांगावी असे वाटले. हे लिहीत असता सहल अजून व्हावयाची आहे. तेव्हा हा लेख बेतापुरताच आहे.

त्याचे मूळ एका जुन्या काठीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत माळा झाडताना आमच्या कन्येस खादीच्या कापडात गुंडाळून सुतळीने आवळलेली एक लांब वस्तू सापडली. आत तीन तुकड्यांची, पितळी कड्यांनी एकमेकांत बसणारी एक बारीक काठी, दोरी गुंडाळण्याची एक गंजलेली चक्री आणि तंबाखूच्या डबीत पिसे बांधलेले डझनभर गळ. ही आमच्या कैलासवासी वडिलांची मालमत्ता. ते मिशनच्या इस्पितळात कंपाउंडर होते, आणि तेथील एका परदेशी डॉक्टरांनी मायदेशी परतताना ती त्यांस आठवण म्हणून दिली होती. काठी दिसते अखंड; परंतु निरखून पाहिले म्हणजे कळते की बांबूच्या सहा त्रिकोणी चिरफळ्या सरसाने सांधून ती घडविली आहे. मुलांनी विचारले, "बाबा, हिने मासे कसे धरतात?" आमच्या तोंडून बेसावधपणे निघून गेले, "सुट्टीत दाखवू." बेत झाला तो असा.

या विद्येस इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात. मराठीत तीस रूढ नाव नाही. आमच्या धाकट्याने 'माशीने मासा' असे नाव दिले, तेच घरात चालू झाले. नेहमीच्या गळास गांडूळ अडकवतात आणि शिशाच्या गोळीच्या वजनाने तो दूर जातो. येथे गळावर पिसांची व दोऱ्याची एक खोटी माशी बांधलेली असते, आणि तिला वजन असे काही नसतेच. वजन असते ते दोरीस. शेतकरी बैलाच्या डोक्यावरून आसूड उडवितो त्याप्रमाणे ती दोरी हवेत मागे-पुढे खेळवून पाण्यावर अलगद उतरवायची. म्हणजे टोकाची माशी खऱ्या किड्यासारखी पाण्यावर बसते, आणि मासा फसून वर येतो. ही युक्ती नवी नव्हे. ईलियन नावाच्या ग्रंथकाराने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभास लिहून ठेवले आहे की, मासेदोनियातील लोक गळास लाल लोकर गुंडाळून व कोंबड्याची पिसे लावून नदीतले मासे धरीत. ज्या मासेदोनियात संत पौल शुभवर्तमान घेऊन गेला तोच हा प्रांत, हे सांगितल्यावर आमच्या मातोश्रींसही त्या काठीविषयी किंचित आदर वाटला. चिरंजीवांनी तर शेजाऱ्यांच्या कोंबड्याची पिसे वेचून, शिवणाच्या लाल दोऱ्याने स्वतःच चार माश्या बांधल्या. त्यांतील एक तरी माशी म्हणून ओळखू येते.

मासा कोणता मिळणार हा पुढचा प्रश्न. या विद्येचा लाडका मासा म्हणजे ट्राउट. तो थंड पाण्यातला; इंग्रजांनी त्याची अंडी आणून काश्मीर, हिमाचल व निलगिरी येथील ओढ्यांत त्याची पैदास केली. यवतमाळात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा त्याचे नाव न काढलेले बरे. परंतु आपल्या दख्खनच्या नद्यांचा स्वतःचा एक मानकरी आहे. खडशी, म्हणजे महाशीराची दख्खनी जात. कर्नल साइक्स याने पुण्याजवळच्या मुळामुठेतील या माशाचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा मराठमोळा शब्द घातला. पुढे धरणांनी व बेसुमार मासेमारीने तो विरळ झाला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास त्याची पैदास सुरू केली व लाखो पिले निरनिराळ्या जलाशयांत सोडली. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात तर तो देवीचा म्हणून राखला जातो. त्यास कोणी धरीत नाही, उलट खाऊ घालतात. तेव्हा आम्ही ठरविले की, न जाणो खडशी लागलाच, तर ओल्या हाताने गळ काढून त्यास परत पाण्यात सोडावयाचे. हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, "धरून सोडाचा, त धराचा कायले?" या प्रश्नास आमच्याजवळ अद्याप उत्तर नाही.

मग जिल्ह्याचा नकाशा जेवणाच्या मेजावर पसरला गेला. उत्तरेस व पूर्वेस वर्धा, दक्षिणेस पैनगंगा, मधून अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, वाघाडी. आपला जिल्हा कोरडा म्हणून कितीही प्रसिद्ध असला तरी नद्यांस तोटा नाही. टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपोआप गळाली. शिवाय २ नोव्हेंबर १९१८ नव्हे, २०१८ रोजी (आमचा इतिहासाचा हात असा चुकतो) पांढरकवडा-राळेगावकडील जी वाघीण मारली गेली, तिची धास्ती आमच्या गृहिणीच्या मनातून अजून गेलेली नाही. सहस्रकुंडाचा धबधबा कन्येने सुचविला. तेथील काळ्या कातळातील कुंडे पाहण्यास सुंदर, परंतु मुलांना घेऊन काठी फेकण्याची ती जागा नव्हे. बाभूळगावकडील बेंबळ्याचा जलाशय जवळचा; पण धरणातील मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा परवानगी घ्यावी लागणार, आणि तेवढ्या खोल, संथ पाण्यावर आमच्यासारख्या नवख्याची माशी वाऱ्याने परत आमच्याच टोपीवर येऊन बसणार. आम्हांस हवे होते वाहते, उथळ, नितळ पाणी. जून-जुलै हा माशांच्या विणीचा काळ वर्ज्य, उन्हाळ्यात नद्यांचे नुसते डोह उरतात. म्हणून डिसेंबर हाच महिना बरा.

कन्या नकाशावर बोट फिरवीत होती. ती एकाएकी म्हणाली, "बाबा, अडाणच्या काठी तर आजोबांचे गाव आहे. आपण तेथे कधीच का जात नाही?"

मातोश्री उठून आत गेल्या.

येथे आम्हांस अशी एक गोष्ट सांगावयाची आहे की जी आमच्या मुलांनाही त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हती. आम्हांस एक धाकटा भाऊ होता. १९९० च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा वर्षांचे होतो व तो आठांचा. वडिलांची ही काठी मागून घेऊन आम्ही नदीच्या उतारावर गेलो. तोही मागोमाग आला. आमच्या गळास मासा लागला. पहिलाच. तो ओढण्यात किती वेळ गेला हे आम्हांस आजही सांगता येत नाही. फार गेला नसावा. मागे वळून पाहिले तो पाण्यावर त्याची एक चप्पल वाहत चालली होती. तीच धरावयास तो उतार सोडून खाली डोहाकडे गेला होता. भोई लोकांनी त्यास तासाभराने काढले. वडिलांनी त्याच आठवड्यात काठी कापडात गुंडाळली; ती यंदा उलगडली गेली. त्यानंतर घरात कोणी त्याचे नाव घेतले नाही, आम्हांस कोणी एक शब्दही बोलले नाही, आणि त्या न बोलण्याचा अर्थ आम्ही आमच्यापरीने लावून घेतला. मातोश्रींविषयी एवढेच सांगतो की, बुडू लागलेल्या पेत्राला प्रभूने हात दिला तो भाग उपासनेत वाचला जाऊ लागला की त्या मान खाली घालून पदराचा काठ चुरगळीत बसतात.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेनंतर आम्ही मुलांना हे सर्व सांगितले. मातोश्री दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या ते कळले नाही. आमचे बोलणे संपल्यावर त्या म्हणाल्या, "त्याले म्याच धाडलं होतं तुयासंगं. घरात लय कडकड करे, म्हून." नंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आमचा असा समज होता की त्या आम्हांस दोष देतात. आणि त्यांचा समज असा की आम्ही त्यांस देतो. एकाच घरात, एकाच मेजावर जेवत, तीस-पस्तीस वर्षे.

बेत रद्द करण्यास आम्ही तयार होतो. मातोश्रीच म्हणाल्या की जायचे, आणि अडाणलाच जायचे. मात्र दोन अटी. पहिली, त्या स्वतः येणार. दुसरी, पोहणे आल्याशिवाय आम्ही पाण्याच्या दहा पावलांत यावयाचे नाही. 'आम्ही' म्हणजे मुले नव्हेत. मुलांना पोहता येते. ते आम्हांस येत नाही.

त्यामुळे नोव्हेंबर महिन्यात पहाटे पोहण्याच्या तलावात जे गृहस्थ काठाचा गज दोन्ही हातांनी धरून पाय आपटताना काही विद्यार्थ्यांनी पाहिले, ते आम्हीच, हे येथे कबूल करतो. आमच्या सातवीच्या वर्गातील एक विद्यार्थी तेथे नियमाने येतो. भूमितीत त्याची गती बेताची आहे म्हणून आम्ही त्यास पुष्कळदा बोललो आहोत. त्याने आम्हांस, एकदाही न हसता, पाण्यात तोंड घालून श्वास सोडावयास शिकविले. आजमितीस आम्ही तलावाची रुंदी कशीबशी पार करतो.

एका रविवारी उपासनेनंतर आम्ही एकटेच गावी जाऊन जागा पाहून आलो. पांदणीने नदीपर्यंत चालत गेलो. लहानपणीचा उतार डोळे मिटून सापडेल असे वाटत होते; परंतु नदी तीच असली तरी पात्र ते नव्हते. गावातील एक वृद्ध भोई सोबत आले. त्यांनी हातातील बांबू पाण्यात खुपसून दाखविला: घोट्याएवढ्या पाण्यात दोन पावले पुढे टाकली तो बांबू पुरुषभर आत गेला. वाळूचा उपसा झाला की तळाशी असे खड्डे राहतात, वरून पाणी सपाट दिसते. "मास्तर, जुन्या वळखीवर नदीत उतरू नका," ते म्हणाले. आपल्या जिल्ह्यात दरवर्षी मुले बुडतात, त्यांतील कित्येक अशाच ठिकाणी बुडत असतील. पालकांनी हे ध्यानात ठेवावे म्हणून मुद्दाम लिहिले. त्यांनीच आम्हांस रपट्याच्या वरच्या अंगास एक जागा दाखविली. तेथे तळ खडकाचा आहे, पाणी गुडघ्याखाली व काचेसारखे. सायंकाळी चांदीच्या पात्यासारखी बारीक मासळी किडे टिपण्यासाठी उड्या मारते. धाकट्याच्या माशीस तीच फसली तर फसेल. खाली शेवाळात मरळ आहे, पण तिचे नर-मादी पिलांचा थवा वर ठेवून स्वतः खालून राखण करीत फिरतात, तशी जोडी दिसली तर गळ टाकू नये, असेही त्यांनी बजावले. नदीत सुरुंग उडविणे व विष कालविणे यांस १८९७ पासून कायद्याने मनाई आहे. तरी तसले उद्योग अधूनमधून होतात, असे सांगताना त्यांचा आवाज चढला.

अडाणवर वरच्या अंगास, वाशीम जिल्ह्यात, धरण आहे. पाणी सोडले तर खालचे पात्र एकाएकी भरते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत विचारावयाचे आहे. ते काम गृहिणीने आपणाकडे घेतले आहे, कारण आम्ही विचारावयास गेलो की गप्पा मारून परत येतो, असा तिचा अनुभव आहे.

तारीख २७ डिसेंबर ठरली. पाण्यात जाणाऱ्यांसाठी तरंगणारी जाकिटे एका परिचितांकडून उसनी मिळाली आहेत. आम्ही यादीत चार लिहिली होती; मातोश्रींनी चष्मा लावून यादी वाचली व पाच करावयास लावली. बाकी यादी त्यांचीच आहे: ज्वारीच्या भाकरी, ठेचा, नाताळच्या करंज्यांतील उरलेल्या, बसावयास घोंगडी, निखाऱ्यांसाठी लोखंडी शेगडी. गालील समुद्राच्या काठी पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले होते, तेव्हा शेगडी हवीच, असे त्यांचे म्हणणे. मासे मिळतील याची खात्री नाही, म्हणून आम्ही हळूच दोन किलो वांगी त्याखाली लिहिली.

दफनभूमी गावाच्या वरच्या अंगास आहे. तिच्यावरून मग नदीकडे जावे, की येताना तेथे थांबावे, हे मातोश्रींनी अजून ठरविलेले नाही. काठीच्या कड्यांस मेण लावावयाचे राहिले आहे. ते आज रात्री मुले लावणार आहेत.