शब्द तेच, ठेका दुसरा

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात हॉलिस नावाची वस्ती आहे. तेथील जोसेफ सिमन्स व डॅरिल मॅक्डॅनियल्स या दोन तरुणांचे ‘इट्स लाइक दॅट’ हे गाणे १९८३ साली तबकडीवर आले. तबकड्या हाताळणारा जेसन मिझेल हा त्यांचा तिसरा सोबती. या त्रयीला जगाने ‘रन-डीएमसी’ या नावाने ओळखले. गाणे म्हणावे तर त्यात गळ्याचे काम थोडेच. दोघे जण आळीपाळीने, एकमेकांच्या तोंडचे शब्द उचलीत, जवळजवळ ओरडून बोलतात. विषय बेकारीचा, महागाईचा, युद्धाचा आणि मरणाचा. शिका, अंगी कसब आणा, वर्णद्वेष बाळगू नका, असा पोक्त उपदेशही त्यात आहे, आणि तो विशी न गाठलेल्या पोरांच्या तोंडी. मॅक्डॅनियल्स कॅथलिक शाळांतून शिकून सेंट जॉन्स या कॅथलिक विद्यापीठात गेलेला. सिमन्स तर पुढे धर्मोपदेशक झाला. उपदेशाचा सूर कोठून आला याचा तर्क वाचकांनीच करावा. बेकारीची गोष्ट मात्र तर्काची नव्हती. १९८२ सरताना अमेरिकेतील बेकारीचे प्रमाण १०.८ टक्क्यांवर गेले होते. दुसर्‍या महायुद्धानंतर तेवढे ते कधीच चढले नव्हते.

हे गाणे आम्ही प्रथम ऐकले तेव्हा शब्दांपेक्षा त्यातल्या रिकाम्या जागांनी आमचे लक्ष वेधून घेतले. यंत्राच्या ढोलाचा एक ठोका पडतो, मागून टाळीसारखा कोरडा आवाज येतो, आणि मध्ये काहीच नसते. ना गिटार, ना पेटीचे सूर. अधूनमधून सगळा वाद्यवृंद एकदम अंगावर आल्यासारखा एखादा आघात होतो, की पुन्हा शांतता. भाड्याने घेतलेल्या, सामान न आलेल्या खोलीत कोणी मोठ्याने बोलावे तसे ते शब्द घुमतात. ऐकणार्‍याला त्यांच्यापासून पळून जायला जागाच राहत नाही.

चौदा-पंधरा वर्षांनी हेच शब्द, याच आवाजांत, युरोपभरच्या नाचघरांत घुमू लागले. न्यूयॉर्कच्याच जेसन नेव्हिन्स या तरुणाने त्या गाण्याचे रिमिक्स केले. १९९८ च्या मार्च महिन्यात ते इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि सहा आठवडे तेथून हलले नाही. ‘स्पाइस गर्ल्स’ या मुलींच्या गटाची तोवरची सारी गाणी त्या यादीत पहिली आली होती. या रिमिक्सने त्यांना प्रथमच दुसर्‍या जागेवर थांबवले. एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. बेकारीच्या नावाने ओरडणार्‍या आवाजावर हजारो मुले-मुली घामाघूम होईस्तोवर नाचली. त्या वर्षी अमेरिकेत बेकारीचे प्रमाण सरासरी ४.५ टक्के होते, हेही येथे नोंदवून ठेवू.

हे घडते कसे, हे आम्हांला भाच्याने समजावले. हा आमचा भाचा वसईत लग्नकार्यांना ‘साउंड’ पुरवतो. त्याच्या खोलीत दोन काळे ध्वनिक्षेपक, एक संगणक आणि तारांचा गुंता यांखेरीज बसायला एक मोडका स्टूल तेवढा आहे. त्यावर बसून आम्ही दोन दुपारी शिकवणी घेतली.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज सुटा करणे. आता संगणक तयार गाण्यातूनही माणसाचा आवाज वेगळा काढून देतो, परंतु पूर्वी तशी सोय नव्हती. काही कंपन्या बारा इंची तबकडीच्या मागल्या बाजूवर वाद्यांविना नुसता आवाज देत. त्याला ‘आकापेला’ म्हणतात. हा शब्द भाच्याच्या तोंडी ऐकून आम्हांला हसू आले. मूळ इटालियन शब्दांचा अर्थ ‘चॅपलच्या रीतीने’ असा आहे. वाद्यांची साथ न घेता चर्चमध्ये गायची जी पद्धत होती, तिचे नाव नाचघराच्या कारागिरांनी उचलले. भाच्याला हे ठाऊक नव्हते. त्याने ते एका चिठोर्‍यावर लिहून घेतले.

दुसरी गोष्ट लयीची. नाचघरात ज्याला ‘हाउस’ म्हणतात त्या संगीतात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके पडतात. पुढच्या काळातली बरीच रॅप गाणी ८५ ते १०० च्या घरात चालतात. समजा, ९५ ठोक्यांचे गाणे १२५ वर न्यायचे आहे. तबकडी नुसती जोराने फिरवली तर आवाजही वर चढतो. जवळजवळ पाच अर्धस्वरांनी. धिप्पाड माणूस बोलतो आहे की पोपट, हे कळेनासे होते. शिवाय नाचघरांत सर्रास असलेल्या टेक्निक्स कंपनीच्या यंत्रावर वेग कमीजास्त करण्याची मर्यादा आठ टक्क्यांचीच. म्हणून आवाजाची पट्टी न बदलता त्याची लांबी कमीजास्त करणारी यंत्रे आली, आणि तोवर कारागीर एकेक शब्द कापून नव्या मात्रेवर नेमका बसवीत. गावाकडच्या शिंप्याने बापाचा कोट उसवून मुलाच्या मापाचा करावा, तसे ते काम. ‘इट्स लाइक दॅट’च्या बाबतीत ही अडचण फारशी आली नाही. रॅपच्या आरंभीच्या गाण्यांची चाल पुढच्यांपेक्षा जलद असे, आणि ताल यंत्राने धरलेला असल्यामुळे पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत लय केसभरही ढळलेली नव्हती.

मग खाली नवा ठेका घालायचा. मूळ गाण्यात ढोल चुकवून, अडवून पडतो. हाउसमध्ये तो चारही मात्रांवर सारखा, हृदयाच्या ठोक्यासारखा पडत राहतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये झांजेची बारीक चिमटी. गाण्याच्या आरंभी आणि शेवटी नुसता ठेका मोकळा सोडतात. कारण नाचघरातल्या माणसाला आधीचे गाणे संपण्यापूर्वीच हे त्यात मिसळायचे असते, नाचणार्‍यांचे पाय थांबता कामा नयेत. मध्यावर ढोल काढून घेतात. आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा, अधिकाधिक जवळ जवळ वाजवतात, श्वास कोंडल्यासारखे होते, आणि मग ढोल एकदम परत येतो. भाच्याने ही जागा ऐकवली तेव्हा, खरे सांगायचे तर, आमचाही पाय हलला.

या सार्‍याला भ्रष्टाकार म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांला तसे म्हणवत नाही. हिप-हॉपचा जन्मच मुळी अशा जोडकामातून झाला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने मेजवानी ठेवली. तिचा जमैकाहून आलेला भाऊ, पुढे ‘कूल हर्क’ म्हणून नावाजलेला, तेथे तबकड्या वाजवीत होता. गाण्यात जेथे सारी वाद्ये थांबून नुसता ढोल वाजतो तेथे पोरांना नाचायला चेव येतो, हे त्याने हेरले. त्या चार क्षणांसाठी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. रॅपचे बोल आले ते त्या ढोलावर, नाचणार्‍यांना हुशारी देण्यासाठी. ज्या बारा इंची तबकडीचा वर उल्लेख केला तीही नाचघराचीच देणगी. १९७६ साली ‘टेन पर्सेंट’ या गाण्याचे वॉल्टर गिबन्स याने लांबवलेले रूप त्या आकारात विक्रीला आले. तेव्हा नेव्हिन्सने रॅपला परमुलखात नेले असे नाही. त्याने ते माहेरी आणून सोडले.

आमची तक्रार वेगळी आहे. त्या गाण्यातला एकही शब्द हरवलेला नाही. हरवली ती शब्दांमधली शांतता. चारही मात्रा भरल्या की बोलणार्‍या माणसाभोवतीची रिकामी खोली माणसांनी भरून जाते. त्याचे ओरडणे मग एकट्याचे उरत नाही, समूहाची आरोळी होते. हे वाईटच असे आम्ही म्हणत नाही. दुःख एकट्याने ऐकावे की दहा जणांनी मिळून त्यावर पाय आपटावेत, याचा निवाडा आमच्याकडून झालेला नाही. पण ही दोन वेगळी गाणी आहेत, एवढे म्हणायला हरकत नसावी.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण १९८७ सालचे. एरिक बी. आणि रकीम यांचे ‘पेड इन फुल’ हे गाणे. रकीमचे त्यात एकच कडवे आहे: खिसा रिकामा असलेला तरुण, पूर्वीची लूटमारीची वाट सोडून, घामाचा पैसा कसा मिळवावा याचा विचार करतो आहे. लंडनच्या ‘कोल्डकट’ने, म्हणजे मॅट ब्लॅक व जोनाथन मोर या जोडीने, त्याचे सात मिनिटांचे रिमिक्स केले. त्यात कोठकोठले तुकडे आणून बसवले. आणि मध्येच ओफ्रा हाझा या गायिकेचा आवाज येतो. ही तेल अवीवच्या गरीब वस्तीत वाढलेली, येमेनी ज्यू आईबापांची मुलगी. तिचे ‘इम निनआलू’ हे गाणे म्हणजे सतराव्या शतकातील येमेनी ज्यू कवी शालोम शबाझी याचे भक्तिकाव्य. न्यूयॉर्कच्या कफल्लक तरुणाचे स्वगत आणि येमेनच्या ज्यूंचे स्तोत्र एकाच ठेक्यावर लंडनच्या नाचघरांत वाजले, आणि ते इंग्लंडच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेले. नाचणार्‍यांपैकी किती जणांना ते स्तोत्र आहे हे कळले असेल? परंतु पुढच्याच वर्षी ओफ्रा हाझाचे स्वतःचे गाणे युरोपात गाजले, जर्मनीत तर पहिले आले. स्तोत्राचा अपमान झाला म्हणावे तर त्याच वाटेने ते लोकांपर्यंत पोहोचलेही. आमच्या कानांना त्या रिमिक्समध्ये तो आवाज दागिन्यासारखा वाटतो: सुंदर, पण ज्याच्या अंगावर आहे त्याचा नव्हे.

आणि मोल? त्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदाने १९६९ साली ‘आमेन, ब्रदर’ नावाची एक धून तबकडीच्या मागल्या बाजूवर दिली. तिचा उगम ‘आमेन’ या भक्तिगीतात. तिच्यामध्ये ग्रेगरी कोलमन नावाच्या ढोलवाद्याने काही सेकंद एकट्याने वाजवले आहे. तेवढा तो तुकडा पुढे हिप-हॉपच्या अनेक गाण्यांत आला, तेथून लंडनच्या नाचघरांत गेला, तिप्पट-चौपट कापला गेला, आणि त्यावर संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली तो अटलांटा शहरात बेघर स्थितीत वारला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड दिले; म्हणजे कायद्याने जे दिले नाही ते लाजेने दिले. धून रचणार्‍याचा हक्क कायदा मानतो, पण एखाद्याचे हात ज्या तर्‍हेने ढोलावर पडतात त्या तर्‍हेला तो रचना समजत नाही.

एवढ्या खोलात आम्ही शिरलो त्याला कारण आहे. आमच्या आईच्या आवाजाची एक कॅसेट घरी आहे. मांडवाच्या रात्री ती आणि शेजारच्या तिघी कादोडी बोलीतली लग्नगीते म्हणत. १९९१ साली एका लग्नात कोणीतरी ती टेपवर घेतली. आई आता नाही. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे, आणि भाच्याच्या मनात आहे की आजीच्या आवाजाखाली ठेका घालून ते गाणे मांडवात वाजवावे. “मामा, नाही तर कोण ऐकणार आहे ते?” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नाही. कॅसेट कपाटात ठेवून आम्ही तरी वर्षातून कितीदा ऐकतो?

आम्ही कॅसेट दिली. गाणार्‍या चौघींपैकी दोघी हयात आहेत. त्यांच्या घरी जाऊन विचारून यायचे आणि साउंडच्या बिदागीतून चौघींच्या घरी काही द्यायचे, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेतले. तो गेला, विचारून आला. एकीने होकार दिला. दुसरीने विचारले, मध्ये दम घ्यायला जागा ठेवली आहे ना?

अडले आहे ते त्याच ठिकाणी. चौघी गातात तेव्हा लय एकसारखी राहत नाही. कडव्याच्या शेवटी त्या रेंगाळतात, एक थांबते, दुसरी उचलते, मग पुन्हा सावरून चालू लागतात. रन-डीएमसीच्या ढोलासारखे ते यंत्रात बसत नाही. भाचा म्हणतो, संगणकावर ओढून सरळ करू, नाही तर नाचणार्‍यांचे पाय अडखळतील. आम्ही म्हणतो, अडखळू देत. ठेका त्यांच्यामागून चालव. तसे करता येते का, हे पाहण्यासाठी तो रोज रात्री उशिरापर्यंत बसतो आहे. काल त्याने एक कडवे ऐकवले. ढोल दोनदा चुकला, आणि तिसर्‍यांदा आई जेथे श्वास घेते तेथे तो थांबला.