डिकीतलं पाचवं चाक

माझ्या बॅटरीवरच्या छोट्या गाडीच्या डिकीतला गालिचा उचलला की खाली एक गोल खळगा दिसतो. त्यात हवा भरायचं लहानसं यंत्र आणि चिकट द्रवाची एक बाटली ठेवलेली आहे. खळगा स्टेपनीच्या मापाचा आहे, स्टेपनी नाही. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी मी त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत उभा होतो. वडील असते तर त्यांनी गाडी घेऊच दिली नसती.

वडिलांची जीप होती. राजुऱ्याहून पेशंट चंद्रपूरला न्यायचे, लग्नाची माणसं देवाडा, लक्कडकोटवरून आसिफाबादकडे सोडायची, परत येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. राजुऱ्यात तेव्हा कुणी गाडी विकायला काढली की बघणारा आधी इंजिनाचा आवाज ऐके आणि लगेच विचारी, "स्टेपनी कशी आहे जी?" विचारण्यामागे आमचे रस्ते होते. एका बाजूला गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यांचे ट्रक, दुसऱ्या बाजूला सास्ती, गोवरीच्या कोळसा खाणींचे टिप्पर. डांबराच्या कडा तुटून धारदार होतात, खिळे, पत्रे, दगड पडलेले असतात. आणि पावसाळ्यात वर्धा नदीचं पाणी पुलावर चढलं की बल्लारपूर, चंद्रपूर तुटतं, मग जे काही करायचं ते नदीच्या अलीकडेच.

दर रविवारी सकाळी वडील पाचही चाकांची हवा तपासत. पाचवं आधी. हवा भरली की टायरच्या बाजूवर खडूनं तारीख लिहीत. लहानपणी मला वाटे, जे चाक चालतच नाही त्याची एवढी काळजी कशाला? ते म्हणत, "चालणारं चाक स्वतःच सांगते बाबू, पडून असणारं सांगत नाही." रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं, हे मला पुढे टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचता आला तेव्हा कळलं. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कितीतरी गाड्यांत न वापरलेली, दिसायला कोरी, पण आतून कडक होऊन चिरलेली स्टेपनी मी नंतर पाहिली. वडिलांच्या जीपची तशी कधी झाली नाही, कारण ते पाचही चाकं फिरवून फिरवून लावत.

स्टेपनी या शब्दाचं गाव फार लांब आहे. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावी वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांनी मोटारीसाठी जादा चाक तयार केलं. त्याला आरे नव्हते. हवा भरलेलं टायर चढवलेली नुसती धाव, ती बसलेल्या चाकाला बाहेरून आवळून लावायची आणि पुढे जायचं. त्यांचं दुकान ज्या स्टेपनी स्ट्रीटवर होतं, तिचं नाव त्या चाकाला मिळालं. त्याआधीच्या मोटारी जादा चाकाशिवायच निघत आणि पंक्चर झालं की वाटेतच बसून टायर काढणं, ट्यूब चिकटवणं आलं. नाव देणाऱ्या देशात लोक आता हा शब्द बोलत नाहीत. आपल्याकडे मात्र तो इतका मुरला की जादा माणूस सोबत न्यायचा असला तरी "चल, स्टेपनी म्हणून" असं आम्ही म्हणतो. वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव जिवतीच्या डोंगरातला माणूस रोज घेतो, याचा मला अजूनही आनंद वाटतो.

जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकाशिवाय आठ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी सक्तीची राहिली नाही. त्यामागची कारणं मला समजतात. पंधरा-वीस किलो वजन वाचतं, बॅटरीला आणि सामानाला जागा होते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, तेवढ्यात माणूस दुकान गाठतो. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर हे पुरेसं असेलही.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आरटी-१ नावाचा वाघ जेरबंद झाला. राजुरा आणि विरूरच्या जंगलात त्याने अनेक माणसं मारली होती. तो पकडला जाण्याआधीच्या महिन्यांत जोगापूरकडून जाताना संध्याकाळी कुणी गाडीबाहेर पाय ठेवत नव्हतं. ज्या रस्त्यावर उतरण्याचीच भीती, तिथे चाक बदलायला लागणारी वीस मिनिटंही मोठी असतात. आणि चाकच नसेल तर रात्र काढायची. नियम लिहिणाऱ्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आमचा रस्ता नव्हता एवढंच.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात रात्री जिवतीहून गडचांदूरकडे घाट उतरत होतो. सोबत बायको आणि आई. समोरून ट्रक आला म्हणून गाडी कडेला घेतली आणि डाव्या पुढच्या चाकाची बगल दगडानं चिरली. समोर दाबाचा दिवा लागला. त्यानं आपलं काम चोख केलं, पण दिवा हवा धरून ठेवत नाही. मी बाटली लावली, यंत्र सुरू केलं, आणि पांढरा द्रव चिरेतून फुफाट्यात सांडत राहिला. तेव्हा मला नीट समजलं की ही बाटली टायरच्या जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्यातल्या, साधारण सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकासाठी असते. बगल फाटली तर ती काहीच करू शकत नाही. मोबाइलला रेंज नव्हती.

अर्ध्या तासानं एक बोलेरो थांबली. पाठीला मोठी स्टेपनी. चालकानं विचारलंही नाही, स्टेपनीचे नट सैल करायला घेतले. माझ्या चाकाजवळ बसला आणि थांबला. त्याच्या चाकाला पाच भोकं, माझ्या चाकाला चार. मापही निराळं. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "मावशीले थंडी वाजते, त्याईले आमच्या गाडीत बसवा." गडचांदूरपर्यंत आम्हाला त्यानं सोडलं. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचा तरी जॅक आणि पाना नेऊन चाक काढलं, कारण स्टेपनीबरोबर गाडीतून तेही गेले होते. त्या मापाचं टायर गडचांदुरात मिळालं नाही, चंद्रपूरहून मागवावं लागलं. चार नटांचं काम, त्याला वीस तास लागले. मला राग माझाच आला. वडिलांनी मला सगळं शिकवलं होतं. गाडी उचलण्याआधी नट सैल कर, मागच्या चाकाला दगड लाव, आवळताना समोरासमोरचे नट आवळ, थोडं चालवून पुन्हा बघ. ते सगळं हातात होतं आणि करायला काही नव्हतं.

तेव्हापासून मी रविवार पुन्हा सुरू केला आहे. सकाळी, गाडी हलवण्याआधी, चाकं थंड असताना हवा बघतो. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. आमच्याकडे पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेला की लोक हवा कमी ठेवतात, टायर फुटेल या भीतीनं. ते उलट आहे. कमी हवेचं टायर जास्त दबतं, दबून तापतं आणि तापून फुटतं. हे मी भेटेल त्याला सांगतो, कारण या एका गैरसमजानं उन्हाळ्यात माणसं जातात. बगलेवर फुगवटा दिसला तर ते टायर त्याच दिवशी उतरवतो. बाटलीवरची मुदत बघतो, तिलाही वय असतं. खिळा दिसला तर रस्त्यात उपसत नाही, हवा भरत दुकान गाठतो. बाटली वापरलीच तर ऐंशीच्या आत चालवायचं आणि पहिल्या दुकानात थांबायचं. आणि जिवती किंवा लक्कडकोटकडे निघालो तर माझ्या मापाची, चार भोकांची स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीत टाकतो. ती मी वेगळी विकत घेतली आहे. त्या गोल खळग्यात ती पुरती मावत नाही, थोडी वर राहते. सामान मागच्या सीटवर जातं. बायको काही म्हणत नाही, ती त्या रात्री घाटात होती.

जीप वडिलांनी जाण्याच्या वर्षभर आधी विकली. घेणाऱ्यानं स्वतःची नवी स्टेपनी आणली होती, म्हणून जुनी घरीच राहिली. ६.००-१६ मापाची, ट्यूबची, पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. खडूची शेवटची तारीख पुसट झाली आहे, महिना वाचता येतो. गेल्या रविवारी अंगठ्यानं दाबून पाहिलं तर मऊ लागली. नव्या गाडीतलं ते छोटं यंत्र आणून मी तिला लावलं. जुनी ट्यूब हवा धरेल असं वाटलं नव्हतं. दहा मिनिटं ते घरघरत राहिलं, टायर कडक झालं. मग मुलीच्या दप्तरातला खडू मागून घेतला.